लाइन आल्यावर दोन नोड गायब: रास्पबेरी पाय क्लस्टरचं नेटवर्क आणि रीबूट

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. चार-पाच रास्पबेरी पाय, म्हणजे एकाच बोर्डवरचे छोटे संगणक, एकत्र जोडून केलेला क्लस्टर, एक साधा गिगाबिट स्विच, सगळ्यांना मिळून एक मोठा चार्जर. काही आठवडे कुरकुर नाही. मग दुपारी लाइन जाते, थोड्या वेळाने येते आणि दोन नोड, म्हणजे त्यातले दोन बोर्ड, नेटवर्कवर दिसतच नाहीत. लाल दिवा लागलेला असतो, पिंगला उत्तर नसतं. प्लग काढून परत लावला की येतात. पुढच्या वेळी वेगळेच दोन रुसतात. दुसरा प्रकार म्हणजे एसएसएचवरून (नेटवर्कवरून दुरून) रीबूट दिलं आणि बोर्ड गेला तो गेलाच.

क्लस्टरमध्ये नेटवर्कची अडचण आणि रीबूटची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी क्वचितच निघतात. एकटा बोर्ड टेबलावर नीट चालतो आणि पाच एकत्र आले की पडतात, तर दोष त्या पाचांत जे सामाईक आहे त्यात शोधायचा. वीज, स्विच, पत्ते वाटणारा राउटर आणि घड्याळ. बहुतेक मुलं मात्र थेट के३एस (नोडांवर कामं वाटणाऱ्या कुबरनेटिसची हलकी आवृत्ती) पुसून नव्याने टाकतात. त्याने दोन दिवस बरं वाटतं, कारण त्या दोन दिवसांत लाइन गेलेली नसते.

आधी ठरवा: बोर्ड पडला की नेटवर्क?

गायब झालेला नोड परत आला की पहिली आज्ञा 'अपटाइम'. प्लग काढायच्या आधी कीबोर्ड-स्क्रीन जोडून ती देता आली तर उत्तमच. बोर्ड कालपासून चालूच आहे असं दिसलं, तर तो रीबूट झालाच नव्हता, फक्त नेटवर्क गेलं होतं. पाचच मिनिटं दाखवत असेल, तर वीज किंवा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा).

त्यानंतर लॉग दाखवणाऱ्या 'जर्नलसीटीएल'ला 'लिस्ट-बूट्स' हा पर्याय देऊन आधीच्या बूटची यादी पाहा. यादीत एकच ओळ आली, तर लॉग रॅममध्येच राहतोय आणि दर रीबूटला पुसला जातोय. जर्नलडीच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज' हे 'पर्सिस्टंट' करा आणि पुढच्या घटनेची वाट पाहा. त्याआधी जे काही कराल ते अंधारात बाण मारणंच. आधीच्या बूटचा लॉग सेवा एकेक करून थांबवत संपला असेल, तर कोणीतरी किंवा कोणत्यातरी प्रोग्रॅमने रीबूट मागितलं होतं. लॉग अधल्यामधल्या ओळीवर तुटलेला असेल, तर वीज गेली किंवा बोर्ड गोठला.

दरवेळी तोच नोड पडतो का, हेही लिहून ठेवा. तोच असेल तर त्याचं कार्ड, त्याची वायर, स्विचवरचं त्याचं पोर्ट, यांतली एकेक गोष्ट शेजारच्या नोडशी अदलाबदल करायची, एका वेळी एकच. दरवेळी वेगळा नोड पडत असेल किंवा सगळे एकाच क्षणी पडत असतील, तर नोडकडे बघायचंच नाही, चार्जरकडे बघायचं.

वीज, आणि पुन्हा वीज

'व्हीसीजेनसीएमडी'ची 'गेट थ्रॉटल्ड' ही आज्ञा प्रत्येक नोडवर चालवा. उत्तर शून्य आलं तर छान. '०एक्स५०००५' किंवा '०एक्स५००००' असं काही आलं, तर ते असं वाचायचं: उजवीकडचा शेवटचा आकडा आत्ताची स्थिती सांगतो आणि डावीकडचा, म्हणजे उजवीकडून पाचवा, बूट झाल्यापासून केव्हातरी घडून गेलेलं. दोन्हीकडे १ म्हणजे व्होल्टेज कमी, २ म्हणजे प्रोसेसरच्या वेगावर मर्यादा, ४ म्हणजे थ्रॉटलिंग (बोर्डने वेग उतरवणं), ८ म्हणजे तापमानाची मऊ मर्यादा. ५ हे १ आणि ४ मिळून झालेलं, म्हणजे व्होल्टेज पडलं आणि म्हणून वेगही उतरला. '५००००' आलं तर आत्ता ठीक आहे, पण मघाशी पडलं होतं. रीबूट केलं की हा इतिहास पुसला जातो, म्हणून आधी आकडा टिपायचा.

बोर्डवरची सूचना साधारण ४.६३ व्होल्टला लागते. चार्जर ५.१ व्होल्ट देतो, मग अर्धा व्होल्ट जातो कुठे? वायरमध्ये. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम असतो. जाणारी आणि येणारी अशा दोन तारा धरल्या की एक मीटर केबलला ०.४२ ओहम. बोर्डने २ अँपिअर ओढले की ०.८४ व्होल्ट वायरीतच संपले, बोर्डपर्यंत पोचले ४.२६. तीच केबल २४ गेजची, म्हणजे जाड तारेची, असेल तर घट ०.३४ व्होल्टवर येते. चार्जर बदलायच्या आधी केबल बदला, आणि अर्धा मीटर पुरत असेल तर एक मीटरची घेऊ नका. नागपुरात बर्डीच्या बाजारात केबल घेताना दुकानदार 'फास्ट चार्जिंग' एवढंच सांगतो. आतल्या तारेचा गेज केबलवर छापलेला असेल तीच घ्या.

आता चार्जर. '६५ वॉटचा आहे दादा, मग पुरे का नाही?' हा प्रश्न हमखास येतो. ६५ वॉट २० व्होल्टला. ५ व्होल्टला तोच चार्जर बहुधा ३ अँपिअरच देतो. २०१९च्या पाय ४ ला तेवढे पुरतात. २०२३मध्ये आलेल्या पाय ५ ला ५ व्होल्टला ५ अँपिअर हवेत. ते मिळाले नाहीत तर तो यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त देत नाही. तिथे एसएसडी लटकवली असेल तर ती मधूनच गायब होते, आणि मुलगा शोधत बसतो फाइल सिस्टीमचा दोष.

अनेक पोर्टांच्या चार्जरचा आणखी एक खोडसाळपणा आहे. एका पोर्टात नवीन काही लावलं की काही चार्जर सगळ्या पोर्टांची वाटणी नव्याने ठरवतात, आणि त्या क्षणी बाकीच्या पोर्टांची वीज क्षणभर तुटते. कोणी रिकाम्या पोर्टात मोबाइल लावला की पाचही नोड एकदम रीबूट. हा दोष लॉगमध्ये कधीच दिसणार नाही. क्लस्टरच्या चार्जरवर 'इथे मोबाइल लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवणं हा खरा उपाय आहे. तो फुकटही आहे.

स्विचमधूनच वीज देत असाल तर एका पोर्टाची नव्हे, पूर्ण स्विचची वॉटची मर्यादा पाहा. ८०२.३एएफ या स्विचमधून वीज देण्याच्या मानकात पोर्टाला १५.४ वॉट असतात आणि बोर्डपर्यंत १२.९५ पोचतात, पण आठही पोर्टांना एकाच वेळी तेवढे देणारे स्विच महाग असतात. सगळे नोड एकदम बूट होताना ही मर्यादा ओलांडली जाते आणि शेवटच्या पोर्टाला काहीच मिळत नाही.

कूलर आणि इन्व्हर्टर

नागपूरच्या उन्हाळ्यात इथे एक वेगळंच प्रकरण असतं. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला, नवतपा लागलेला, खोलीत डेझर्ट कूलर, आणि कूलर, राउटर, क्लस्टर सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर. कूलरची मोटर सुरू होताना चालू स्थितीच्या कितीतरी पट करंट ओढते. आधीच दुपारी व्होल्टेज खाली असतं, त्यात हा झटका. चांगला अॅडॉप्टर तो पचवतो, हलका अॅडॉप्टर पचवत नाही. कूलर लावल्यावर नोड पडतो का, हे मुद्दाम करून पाहा. पडत असेल तर क्लस्टर दुसऱ्या भिंतीच्या प्लगवर न्या. आणि कूलरच्या झोतासमोर बोर्ड मांडू नका. थंड वाटतं खरं, पण त्या हवेत ओलावा आणि धूळ दोन्ही असतात.

उष्णतेने बोर्ड सहसा रीबूट होत नाही, तो मंद होतो. ८० अंशांच्या आसपास पाय ४ वेग उतरवायला लागतो, ८५ला आणखी. खोलीच ४० अंशांवर असेल तर बंद डब्यातला, पंखा नसलेला बोर्ड तिथे सहज पोचतो. मंद झालेल्या नोडचा संदेश वेळेत पोचला नाही की कुबरनेटिस त्याला 'नॉट रेडी' म्हणून बाजूला काढतं आणि मूळ सेटिंगनुसार पाच मिनिटांनी त्याच्यावरची कामं दुसऱ्यांवर टाकतं. मग ते दुसरे तापतात. बघणाऱ्याला वाटतं नेटवर्क गेलं. 'गेट थ्रॉटल्ड'मध्ये १ नसेल आणि २ किंवा ८ असेल, तर पंखा बसवा, स्विच तपासण्यात वेळ घालवू नका.

घरगुती इन्व्हर्टरवर मागे किंवा पुढे एक छोटी कळ असते: एका बाजूला 'यूपीएस', दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल' किंवा 'इको'. यूपीएसवर बॅटरीवर जायला साधारण दहा मिलिसेकंद लागतात, नॉर्मलवर त्याच्या काही पट. ट्यूबलाइटला फरक पडत नाही, पायला पडतो. मात्र यूपीएसवर इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टच्या बाहेरची वीज स्वीकारत नाही, नॉर्मलवर १०० ते २९०पर्यंत चालवून घेतो. तुमच्याकडे दुपारी व्होल्टेज १८०च्या खाली जात असेल, तर यूपीएसवर ठेवलेला इन्व्हर्टर दिवसभर बॅटरीवर जा-ये करत राहील. अशा घरी कळ यूपीएसवर ठेवून इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर लावावा, किंवा फक्त क्लस्टर आणि राउटरसाठी एक लहान यूपीएस घ्यावा. मला दुसरा मार्ग जास्त पटतो.

लाइन आली, पत्ता आला नाही

आता त्या दोन गायब नोडांकडे. वीज आली की पाय अर्ध्या मिनिटात बूट होतो. राउटरला मात्र पूर्ण जागं व्हायला एक-दोन मिनिटं लागतात. मध्ये साधा स्विच असतो, तो लगेच सुरू होतो. म्हणून पायला वाटतं केबल जिवंत आहे, आणि तो डीएचसीपीकडे, म्हणजे राउटरच्या पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, पत्ता मागतो. उत्तर द्यायला कोणी नसतं. जुनी रास्पबेरी पाय ओएस अशा वेळी स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसायची. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून नेटवर्क मॅनेजर आहे. तो मूळ सेटिंगमध्ये ४५ सेकंद वाट पाहतो, ठरावीक वेळा पुन्हा प्रयत्न करतो आणि मग काही वेळ हात टेकतो. कोणता नोड या शर्यतीत हरेल ते दरवेळी बदलतं, म्हणून 'वेगळेच दोन' गायब होतात.

उपाय म्हणजे नोडांना स्थिर पत्ते. हे नेटवर्क मॅनेजरच्या 'एनएमटीयूआय'च्या निळ्या पडद्यातून पाच मिनिटांत होतं. इंटरनेटवरचे जुने धडे 'डीएचसीपीसीडी'च्या कॉन्फ फाइलमध्ये ओळी लिहायला सांगतात, पण बुकवर्ममध्ये ती फाइल कोणी वाचत नाही. फाइल लिहिली, रीबूट केलं, पत्ता तोच, असं झालं तर कारण हेच. डीएचसीपीवरच राहायचं असेल, तर कनेक्शनचा 'ऑटोकनेक्ट-रीट्राइज' शून्य करा. शून्य म्हणजे कायम प्रयत्न करत राहा. आणि राउटरमध्ये प्रत्येक मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) ठरलेला आयपी बांधून द्या. के३एसमध्ये हे आणखी गरजेचं आहे, कारण सर्व्हरचा (मुख्य नोडचा) पत्ता बदलला की एजंट, म्हणजे बाकीचे नोड, जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहतात.

पत्ता मिळाला पण विचित्र मिळाला, असंही होतं. घरातला जुना राउटर स्विच म्हणून वापरला आणि त्याचं डीएचसीपी बंद करायचं राहिलं, तर एकाच नेटवर्कवर दोघे पत्ते वाटतात. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता. गेटवे, म्हणजे बाहेर जाण्यासाठीचा राउटरचा पत्ता, कोणता आला हे सगळ्या नोडांवर बघा. दोन वेगळे दिसले की दुसरा राउटर शोधा.

एक कार्ड तयार करून त्याच्या प्रती काढल्या असतील, तर मशीन-आयडी सगळ्यांवर सारखा असतो. उबुंटूवर डीएचसीपीची ओळख त्याच्यावरूनच बनते, त्यामुळे मॅक वेगळे असूनही राउटर दोन नोडांना एकच पत्ता देतो आणि ते आळीपाळीने दिसतात-लपतात. 'एटसी'मधली मशीन-आयडीची फाइल रिकामी करून ती नव्याने बनवा, एसएसएचच्या होस्ट-किल्ल्याही नव्याने बनवा, होस्टनेम वेगळं ठेवा.

आता जो दोष शोधायला सगळ्यात जास्त वेळ जातो तो. होस्टेलमध्ये किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये लॅनचं पोर्ट मिळत नाही, वायफाय असतं. म्हणून मुलं मुख्य नोड वायफायवर घेतात आणि त्याच्या इथरनेटवरून बाकीच्यांना इंटरनेट वाटतात. नेटवर्क मॅनेजरमध्ये त्यासाठी 'शेअर्ड' असा सोपा पर्याय आहे. तो निवडला की तो आपोआप १०.४२.०.१ हा पत्ता घेतो आणि त्याच पट्ट्यातले पत्ते वाटतो. आणि के३एस पॉडसाठी, म्हणजे त्यावर चालणाऱ्या कामांच्या डब्यांसाठी, मुळात कोणता पट्टा वापरतं? १०.४२.०.०/१६, म्हणजे १०.४२ने सुरू होणारे सगळे पत्ते. झालं! नोडांचे पत्ते आणि पॉडचे पत्ते एकमेकांवर चढतात. एसएसएच चालतं, पिंगही चालतो, के३एस टाकलं की मधूनच नोड नाहीसे होतात आणि के३एस काढलं की सगळं ठीक. दोष के३एसचाही नाही, नेटवर्क मॅनेजरचाही नाही. शेअर्ड कनेक्शनला हाताने दुसरा पत्ता द्या, समजा १०.५०.०.१/२४, किंवा के३एस टाकतानाच 'क्लस्टर-सीआयडीआर' बदला. चालू क्लस्टरवर दुसरा उपाय करायला जाऊ नका, पहिला करा. सेवांसाठीचा १०.४३चा पट्टाही मोकळा ठेवा.

केबलचं थोडक्यात: लिंकची माहिती देणारी 'इथटूल' आज्ञा वेग १०० (मेगाबिट) दाखवत असेल, तर गिगाबिटला लागणाऱ्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली आहे. कनेक्टर नव्याने क्रिम्प करा किंवा तयार पॅचकॉर्ड घ्या. लिंक दर काही मिनिटांनी खाली-वर होत असेल आणि केबल बदलूनही फरक नसेल, तर इथटूलनेच ईईई ही वीज वाचवण्याची सोय बंद करून बघा. काही स्विचशी तिचं जमत नाही. पाय ३बी प्लसकडून मात्र पूर्ण गिगाबिटची अपेक्षा नको. त्याचं इथरनेट यूएसबी २वरून जातं, ३०० मेगाबिटच्या आसपास थांबतं.

रीबूट दिलं, परत आला नाही

इथे तीन जागी बघायचं. पहिली, बंद होतानाच अडकलाय का. मुख्य नोडवरचा एनएफएस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा) फोल्डर बाकीच्यांनी जोडलेला असतो, आणि सगळ्यांना एकदम रीबूट दिलं की मुख्य नोड आधी जातो. बाकीचे त्याची वाट बघत दीड मिनिट, कधी त्याहून जास्त लटकतात. एफएसटॅबमध्ये (कोणता फोल्डर कुठे जोडायचा त्या यादीच्या फाइलमध्ये) त्या ओळीला 'नोफेल', '_नेटडेव' आणि 'एक्स-सिस्टीमडी.ऑटोमाउंट' हे पर्याय लावा. कामगार नोड आधी, मुख्य नोड शेवटी, हा क्रमही पाळा.

दुसरी, बूट यंत्र सापडत नाही. यूएसबी एसएसडीवरून बूट होणारा पाय ४ थंड सुरू केला तर येतो, पण रीबूटनंतर येत नाही, याचं कारण बहुधा एसएसडीचा अॅडॉप्टर असतो. काही अॅडॉप्टर यूएएस या यूएसबी डिस्कच्या वेगवान पद्धतीत गोंधळतात. 'सीएमडीलाइन' फाइलमध्ये त्या चिपसाठी 'क्वर्क्स'ची नोंद करून ती पद्धत बंद करता येते. ही फाइल एकाच ओळीची असते, चुकून एंटर दाबलात तर पुढचं सगळं दुर्लक्षित होतं. स्वतःची वीज असलेला यूएसबी हब बोर्डला उलट वीज पुरवत असेल, तर बोर्ड पूर्ण रीसेटच होत नाही. हब काढून रीबूट देऊन पाहा. बोर्डवरच्या ईईप्रॉम चिपमधला बूट-क्रमही तपासा. '०एक्सएफ४१' हा उजवीकडून वाचायचा: आधी कार्ड, मग यूएसबी, मग पुन्हा पहिल्यापासून.

तिसरी, चुकून रीबूटऐवजी 'पॉवरऑफ' दिलंय. पायमध्ये वेक-ऑन-लॅन नाही, त्यामुळे दुसऱ्या खोलीतून तो उठवता येत नाही. पाय ५वर बटण आहे. पाय ४ला पाचवी पिन क्षणभर ग्राउंडला टेकवली की जाग येते.

हिरवा दिवा चार वेळा लुकलुकून थांबत असेल तर 'स्टार्ट' फाइल सापडत नाही, सात वेळा असेल तर कर्नल सापडत नाही. दोन्हींत कार्ड खराब झालेलं असू शकतं. वीज अचानक जाणाऱ्या ठिकाणी हे चालायचंच.

दिव्यावरून काही कळलं नाही तर सिरीयल केबल लावा. ३.३ व्होल्टची यूएसबी-टीटीएल केबल, पिन ८ आणि १०, सोबत ग्राउंड, वेग ११५२००. ५ व्होल्टची केबल लावली तर पिन जळते, विकत घेताना विचारून घ्या. बूटची शेवटची ओळ डोळ्यांनी दिसली की अंदाज बांधणं संपतं.

घड्याळ आणि वॉचडॉग

पाय ४वर बॅटरीचं घड्याळ नाही. वीज आल्यावर तो शेवटची जतन केलेली वेळ धरून चालतो आणि इंटरनेट मिळाल्यावर दुरुस्त करतो. म्हणून लॉगमधल्या वेळा मागे-पुढे उडतात, आणि बरेच दिवस बंद असलेला नोड 'सर्टिफिकेट अजून वैध नाही' म्हणून क्लस्टरमध्ये येत नाही. मुख्य नोडला डीएस३२३१चं घड्याळाचं मॉड्यूल बसवा, त्यावर क्रोनी (वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) चालवा आणि बाकीच्यांना वेळ त्याच्याकडूनच घ्यायला सांगा. मग फायबर इंटरनेटचा डबा बंद असला तरी चालेल. पाय ५मध्ये घड्याळ आहे, फक्त बॅटरी लावावी लागते.

वॉचडॉग, म्हणजे गोठलेल्या बोर्डला रीसेट करणारा पहारेकरी, सगळ्यात शेवटी, वीज आणि पत्ते नीट झाल्यावरच. सिस्टीमडीच्या 'सिस्टीम कॉन्फ' फाइलमध्ये 'रनटाइम वॉचडॉग सेक' १५ ठेवा. पायच्या हार्डवेअरची मर्यादा तेवढीच आहे. गोठलेला नोड मग आपोआप रीसेट होतो. व्होल्टेज पडत असताना तो लावला, तर नोड रीबूट होतो, बूट होताना परत जास्त करंट ओढतो, परत पडतो, आणि सकाळी लॉगमध्ये बूटची लांबलचक यादी आणि एक मेलेलं कार्ड सापडतं.